लॉन ट्रॅक्टरचा डेक काढून परत लावला की बेल्ट उतरतो. नक्की कुठे चुकतंय?

चिरेबंदी
गुहागरजवळच्या एका होमस्टेचं लॉन आणि माडांखालची मोकळी जागा मिळून दीडेक एकर. मशीन ४२ इंची डेकचा लॉन ट्रॅक्टर. डेक म्हणजे पोटाखालचा, पाती बसवलेला पत्र्याचा भाग. खाली दोन पाती, पाती चालू करायला पिवळा नॉब, म्हणजे इलेक्ट्रिक क्लच. पाऊस ओसरल्यावर पात्यांना धार लावायला आणि डेकच्या पोटातला गवताचा थर खरवडायला डेक उतरवला होता. परत लावल्यापासून तीन तक्रारी:
१. नॉब ओढल्यावर पाच-दहा मिनिटांत बेल्ट उतरतो. बेल्ट नवा आहे, आकार जुन्याइतकाच सांगून आणलाय.
२. लॉनवर पट्टे दिसतात. उजवीकडे खोल कापतं, डावीकडे कमी.
३. डेक लटकवणाऱ्या पुढच्या दांडीची, म्हणजे लिंकची, पिन गंजून इतकी धरली होती की हातोडीनेच निघाली.
पुस्तिका आहे, पण बेल्टची आकृती म्हणजे कोणीतरी शेवया सांडल्यात. डेक काढण्या-लावण्याचा नीट क्रम कोणी सांगेल का? आणि धार लावायला दर वेळी डेक उतरवायलाच हवा का?

सुक्याबोंबील
पहिला! चहा ठेवलाय, जाणकार येईपर्यंत बसतो.

मांगरकर
माका एक कळना नाय. दीड एकराक ट्रॅक्टर कित्याक? चार बकऱ्यो सोडा. डेक काढूक नको नि बेल्ट घालूक नको.

पोफळी
@मांगरकर, बकऱ्या आधी जास्वंद खातील, मग केळी, मग पाहुण्यांचे वाळत घातलेले टॉवेल. गवत सर्वात शेवटी.

पाना_बारातेरा
आधी काढायचा क्रम सांगतो. लावताना दिसणाऱ्या निम्म्या चुका काढतानाच झालेल्या असतात.

जागा सपाट हवी. चिऱ्यांचं अंगण नको, सांध्यांत डेकची चाकं अडकतात आणि पुढे लेव्हल काढतानाही चिरे फसवतात. सिमेंटचा कोबा किंवा शहाबादी फरशी बघा. हँडब्रेक लावा, नॉब दाबून पाती बंद करा, किल्ली काढून खिशात टाका, इंजिन गार होऊ द्या आणि इंजिनच्या स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला अडकवा. पात्यांजवळ हात जाणार असेल तर वायर काढण्याला पर्याय नाही. जाड चामडी हातमोजे घाला, बागकामाचे कापडी उपयोगाचे नाहीत.

आता उंचीचा लिव्हर सर्वात खालच्या खाचेत. हेतू एकच, डेकचं वजन लिंकांवरून जमिनीवर यावं. खालच्या खाचेतही डेक पुरता टेकत नसेल तर दोन्ही बाजूंना लाकडाचे ठोकळे सारा. वजन लटकत असताना पिन ओढायला गेलात तर ती हलतच नाही आणि माणसाला हातोडी आठवते. तुमच्या तिसऱ्या तक्रारीत सगळा दोष गंजाचा असेलच असं नाही.

मग बेल्टचा ताण सोडायचा. काही मशीनना उजव्या बाजूला ताणाची सळई असते, मागे स्प्रिंग असलेली. ती घट्ट धरून खाचेतून काढायची आणि सावकाश सोडायची. झटक्यात सोडली तर मनगटावर बसते. सळई नसेल तर आयडलरची, म्हणजे बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीची, दांडी हाताने ओढून ताण काढा. त्यानंतर इंजिनखालच्या क्लचच्या पुलीवरून बेल्ट खाली उतरवा. पुलीभोवती वाकवलेल्या सळया असतात, त्या बेल्ट जागेवर धरणाऱ्या कीपर. बेल्ट त्यांच्या आणि पुलीच्या फटीतून काढायचा, वाट मोठी करायला कीपर वाकवायच्या नाहीत. डेकवरच्या पुल्यांवरून बेल्ट काढायची गरज नाही, तो डेकसोबतच बाहेर येतो. काढायचाच असेल तर आधी मोबाईलवर वरून एक आणि पुढून एक फोटो काढा.

आता पिना. आधी पुढची लिंक. मग दोन्ही बाजूंच्या आडव्या दांड्या, ज्या डेकला चासीशी धरून ठेवतात. शेवटी मागच्या दोन उचलणाऱ्या लिंका. प्रत्येक ठिकाणी आर-क्लिप (पिन निसटू न देणारी तारेची क्लिप) आणि वॉशर असतो. वॉशर ज्या पिनचा त्याच पिनवर परत जायला हवा, म्हणून पिन निघाली की वॉशर आणि क्लिप लगेच तिच्यावरच अडकवून ठेवा.

मागच्या लिंका सुटल्या की उंचीच्या लिव्हरवर डेकचं वजन उरत नाही, पण त्याची मदतनीस स्प्रिंग ताणलेलीच असते. लिव्हर खाचेतून काढला की तो जोरात वर येतो. तोंड बाजूला ठेवा आणि मूठ आवळून सोडा. लिव्हर वर गेला की लटकणाऱ्या दांड्याही वाटेतून जातात. स्टीअरिंग पूर्ण डावीकडे वळवा आणि डेक उजवीकडून, गवत फेकायच्या तोंडाच्या बाजूने, ओढून बाहेर काढा. पत्र्याचा ४२ इंची डेक चाळीसेक किलोचा असतो. खाली गोणपाट टाकलं तर एकटा माणूस ओढू शकतो.

वेळ: पहिल्यांदा तास, सवय झाली की पंधरा मिनिटं.

आरपिन
तपशीलवार. वाखूसा (वाचनखूण साठवली).
एकच भर. बऱ्याच मशीनचे बोल्ट इंची मापाचे असतात. ९/१६ म्हणजे १४.३ मिमी. त्यावर १५ चा पाना घातला की डोकं गोल, आणि १४ चा जातच नाही. गॅरेजवाल्याकडे सहसा मिमीचाच सेट असतो, म्हणून इंची सॉकेटचा एक छोटा सेट मशीनसोबत ठेवलेला बरा.

अष्टागर
मूळ प्रश्नाचा शेवटचा भाग कोणी घेतलाच नाही. फक्त धारेसाठी डेक उतरवणं म्हणजे दाढी करायला डोकं उतरवून ठेवणं. पुढची चाकं रॅम्पवर चढवा, मागच्या चाकांना पाचर, हँडब्रेक, प्लगची वायर बाहेर. डेक वरच्या खाचेत. खालून सॉकेट घालून पात्याचा बोल्ट काढा. पातं आणि डेकची भिंत यांच्यात लाकडाचा ठोकळा अडकवला की पातं फिरत नाही. वीस मिनिटांत दोन्ही पाती हातात. डेक उतरवलाच नाही तर लावताना चुकायचा प्रश्नच नाही.

पाना_बारातेरा
@अष्टागर, नुसत्या धारेसाठी मान्य. पण त्यांना पोटही खरवडायचं होतं. उताणं झोपून खरवडलं की सगळं डोळ्यांत. शिवाय वरच्या बाजूला, पुल्यांच्या झाकणाखाली, बारीक गवताची जी गादी साठते ती डेक बाहेर काढल्याशिवाय दिसत नाही. ती ओली राहते आणि पत्रा वरून कुजतो. आमच्या हवेत वर्षातून दोनदा डेक बाहेर यायलाच हवा: मे अखेरीला पावसाच्या आधी आणि ऑक्टोबरात. मधल्या धारा तुमच्या पद्धतीने लावा.

आणि रॅम्पच वापरा. नुसत्या गाडीच्या जॅकवर उचलून खाली हात घालू नका. जॅक लावायचाच तर बरोबर घोडे, म्हणजे मशीनचं वजन पेलणारे लोखंडी स्टँड, हवेत.

अष्टागर
घोड्यांबद्दल अनुमोदन. वर्षातून दोनदा उतरवण्याबद्दल मत राखून ठेवतो. अलिबागेकडे बंगल्यांच्या लॉनवर मशीन आठवड्याला चालतं, तिथे एकदा पुरतं.

पुण्याहून_सप्रेम
आमच्याकडे सोसायटीचं लॉन माणूस कात्रीने कापतो आणि पट्टे त्यातही दिसतात.

असो, पट्ट्यांकडे वळतो. लेव्हल काढण्याआधी चाकांतली हवा बघा. हे कोणी करत नाही आणि मग तासभर नट फिरवत बसतात. लॉन ट्रॅक्टरच्या टायरला पुढे १२ ते १४ आणि मागे १० पीएसआयच्या आसपास हवा असते. नेमका आकडा पुस्तिकेत मिळेल. पेट्रोल पंपावरचा गेज मोटारीच्या तिशीला बनवलेला असतो, तो इतक्या खाली भरवशाचा नाही. कमी दाबाचा वेगळा गेज घ्या. मागच्या एका चाकात चार पीएसआय कमी असली तरी ती बाजू बसते आणि डेकही तिकडे झुकतो.

हवा सारखी झाल्यावर मशीन कोब्यावर घ्या आणि डेक नेहमीच्या कापण्याच्या उंचीवर ठेवा. प्लगची वायर काढा, हातमोजे घाला. दोन्ही पाती आडवी करा, म्हणजे टोकं डावी-उजवीकडे येतील. बाहेरच्या टोकाच्या धारेपासून जमिनीपर्यंत मोजा, डावीकडे आणि उजवीकडे. फरक ३ मिमीच्या आत हवा. जास्त असेल तर मागच्या उचलणाऱ्या लिंकेवरचा नट फिरवायचा. बहुतेक मशीनना तो एकाच बाजूला असतो. अर्धा फेरा, मग परत माप.

ते जमल्यावर पाती पुढे-मागे सरळ करा आणि पुढचं टोक व मागचं टोक मोजा. पुढचं टोक मागच्यापेक्षा ३ ते १२ मिमी खाली हवं. मागचं खाली गेलं तर कापलेलंच गवत मागच्या कडेने पुन्हा कापलं जातं, इंजिनवर भार येतो आणि गवताची टोकं फाटून पिवळी पडतात. हे पुढच्या लिंकेच्या नटांनी जुळवायचं. आधी डावं-उजवं, मग पुढचं-मागचं. उलट केलंत तर दोन्ही बिघडतं.

आरपिन
@पुण्याहून_सप्रेम, मापात एक चाचणी राहिली. पहिल्या टोकाचं माप घेतलं की तेच पातं अर्धा फेरा फिरवून दुसरं टोक त्याच जागी आणा आणि परत मोजा. दोन मापांत फरक आला तर दोष लेव्हलचा नाही, पातं वाकलंय. पातं बदलूनही फरक तसाच राहिला तर स्पिंडलचा, म्हणजे पातं ज्यावर फिरतं तो, दांडा वाकलाय. माडाखाली हे फार होतं. गवतात लपलेला नारळ किंवा जांभ्याचा वर आलेला कोपरा लागला की पहिलं पातं वाकतं.

सुक्याबोंबील
पहिलं पातं, मग मालक.

खाजणवाट
आता लावण्याबद्दल, कारण विचारलंय ते तेच.

डेक उजवीकडूनच आत सरकवा, स्टीअरिंग डावीकडे. सरकवण्याआधी बेल्ट डेकच्या वर नीट पसरून ठेवा आणि त्याचा पुढचा फास डेकच्या पुढे काढून ठेवा. नाहीतर बेल्ट डेक आणि चासीच्या मध्ये चिमटला जातो आणि मग क्लचपर्यंत पोचत नाही किंवा पीळ घेऊन पोचतो.

लिव्हर परत खालच्या खाचेत आणा, जोर लावून आणि सावकाश. आधी दोन्ही बाजूंच्या आडव्या दांड्या, मग मागच्या लिंका, पुढची लिंक शेवटी. पुढची आधी लावली की मागचे भोक जुळता जुळत नाहीत. प्रत्येक क्लिप बसली की बोटाने फिरवून बघा. अर्धवट बसलेली आर-क्लिप पहिल्या खड्ड्यात उडते आणि डेकचा एक कोपरा खाली लोंबतो. एक कोपरा लोंबला की पुल्या एका पातळीत राहत नाहीत आणि बेल्ट उतरतो.

बेल्टचं म्हणाल तर चार ठिकाणं तपासा.

एक, पीळ. बेल्टची निमुळती बाजू व्ही खाचांच्या पुलीत जाते आणि सपाट पाठ सपाट आयडलरवर. बेल्टवर खडूने पाठीवर लांब रेघ मारा आणि पूर्ण रस्ता डोळ्यांनी फिरा. रेघ कुठेही पुलीच्या खाचेत गेलेली दिसली तर पीळ आहे.

दोन, कीपर. क्लचच्या पुलीशी बेल्ट कीपरच्या आत हवा. बाहेरून गेला तरी बेल्ट ताणला जातो, मशीन चालू होतं, पाती फिरतात. पण बेल्ट सळईवर घासतो, तापतो आणि थोड्या वेळाने उडी मारतो. पाच-दहा मिनिटांत उतरणाऱ्या बेल्टची ही नेहमीची खोड.

तीन, आयडलर. दांडीच्या खुंटीवर गंज धरला की दांडी ओढल्यावर तशीच राहते, स्प्रिंग तिला परत आणू शकत नाही. हाताने ओढून सोडा, चटकन परत यायला हवी. खुंटीवर ग्रीस द्या, पण बेल्टला ग्रीसचा थेंबही नको.

चार, पुल्या. खाचेत गवताचा रस वाळून कडक थर बसतो आणि बेल्ट खाचेच्या वरच चालतो. तारेच्या ब्रशने साफ करा.

शेवटी ताण लावा, प्लगची वायर जोडा आणि कमी आरपीएमवर, सीटवर बसूनच, नॉब ओढा. दोन मिनिटं ऐका. नॉब दाबल्यावर पाती पाच सेकंदांच्या आत थांबायला हवीत. नाही थांबली तर क्लचचा ब्रेक झिजलाय, ते मशीन लॉनवर नेऊ नका.

अष्टागर
नॉबऐवजी हाताने ओढायचा लिव्हर असलेल्या मशीनवाल्यांसाठी: तुमच्याकडे इलेक्ट्रिक क्लच नाही, केबल आयडलर ओढते. डेक काढताना केबलचं टोक आणि तिचं आवरण दोन्ही सोडवावी लागतात. लावताना आवरण पकडीत खटकन बसलं पाहिजे. नाही बसलं तर लिव्हर ओढूनही ताण पुरेसा येत नाही आणि सोडल्यावर पात्यांचा ब्रेक लागत नाही.

पोफळी
@चिरेबंदी, माडांखाली फिरवण्याआधी एक फेरी चालत मारा. चुडतं, पोफळीच्या विऱ्या (झावळीच्या बुडाची आवरणं), सोडणं (नारळाची सालं), करवंट्या उचला. विरी पात्याखाली गेली तर नुसती फाटते, पण सोडणाचा काथ्या पात्याच्या वर स्पिंडलभोवती गुंडाळला जातो. तो बेअरिंगच्या सीलपर्यंत गेला की सील उचकटतं, ग्रीस बाहेर आणि पाणी आत. डेक उतरवलेला असताना पाती काढून स्पिंडलची मान नक्की बघा, काथ्याचा दोर निघेल.

आणि किनाऱ्याच्या वाळूत कापत असाल तर धारेपेक्षा पात्याचा वर वळलेला मागचा भाग बघा, जो हवा ओढतो. वाळू तिथे पत्रा घासून पातळ करते. धार चांगली दिसते आणि तो भाग सुरीसारखा पातळ होऊन एक दिवस तुटून उडतो. तिथे खाच दिसायला लागली की पातं फेका, धार लावत बसू नका.

दर्याकाठ
तिसऱ्या तक्रारीवर.

लोखंड खारट हवेत गंजतंच, पण डेकच्या पिना जास्त गंजतात कारण भोक आणि पिन यांच्यामध्ये ओलं गवत आणि तांबडी माती बसते, ती मीठ आणि पाणी धरून ठेवते. उपाय साधा आहे: दर वेळी डेक निघाला की पिन तारेच्या ब्रशने घासून, भोकात बोट फिरवून साफ करून, कॅल्शियम सल्फोनेट प्रकारचं ग्रीस लावून बसवायची. तेच बोटींसाठी मरीन ग्रीस म्हणून मिळतं. साधं लिथियम ग्रीसही चालेल, पण पावसात ते लवकर धुऊन जातं.

आर-क्लिपा आणि वॉशर स्टेनलेसचे घ्या. हर्णै, मिरकरवाडा, मालवण, जिथे बोटींचं सामान मिळतं तिथे ३१६ ग्रेडच्या क्लिपा मिळतात. मुख्य पिना मात्र मूळच्याच ठेवा. त्या कडक केलेल्या असतात, बाजारातली मऊ स्टेनलेसची पिन त्या ठिकाणी झिजते आणि डेकला खेळ येतो.

धरलेल्या पिनवर हातोडी शेवटी. आधी गंजावर मुरणारं तेल मारा, रात्रभर ठेवा, मग पिन पकडीने आडवी फिरवा. फिरली की निघते. ओढून निघत नाही. गॅस टॉर्च तिथे नको, वर पेट्रोलची टाकी आणि शेजारी रबरी बेल्ट आहे.

मांगरकर
डेकाच्या पोटाक काजूचा तेल लावा. बोटीच्या लाकडाक शंभर वर्सां लावतंत, किडो नाय नि कुजना नाय.

दर्याकाठ
@मांगरकर, काजूच्या टरफलाचं तेल लाकडात मुरतं म्हणून टिकतं. पत्र्यात मुरायला जागा कुठे? वर चिकट साय राहते आणि तिला गवत जास्त चिकटतं. शिवाय ते अंगाला लागलं तर फोड येतात, आणि पाती फिरली की शिंतोडे उडणार. पोटाला आधी गंज खरवडून रेड ऑक्साईड आणि वर दोन हात इनॅमल, किंवा बोटींना मारतात तो इपॉक्सी. पूर्ण वाळवून. घाईत मारलेला रंग पहिल्याच आठवड्यात गवतासोबत सोलून निघतो.

मांगरकर
बरां. काजूगर खावया, तेल रवांदे.

सुक्याबोंबील
धाग्याचं काश्मीर व्हायच्या, म्हणजे न संपणारा वाद पेटायच्या, आत काजूगरांची उसळ करून टाकू. अंडी घालून की न घालता, एवढंच सांगा.

पोफळी
अवांतर: न घालता. आणि ओले काजूगर ऑक्टोबरात नसतात, मार्च येऊ द्या. आता डेककडे चला.

पाना_बारातेरा
धुण्याबद्दल थोडं. डेकवर पाण्याची नळी जोडायचं तोंड असतं. लॉन कापून झाल्यावर लगेच, गवत ओलं असतानाच, नळी जोडून दोन मिनिटं पाती चालवा, मग नळी काढून आणखी एक-दोन मिनिटं कोरडं चालवा. हे कोरडं चालवणं लोक विसरतात आणि पुलीत, क्लचमध्ये पाणी साठून राहतं. प्रेशर वॉशर मात्र स्पिंडलवर मारू नका. बेअरिंगचं सील धूळ अडवायला असतं, ती धार अडवायला नाही.

स्पिंडलच्या बेअरिंगला हात लावून फिरवा. खरखर लागली तर बदला. बऱ्याच डेकमध्ये ६२०३ किंवा ६२०४, दोन्ही बाजूंना रबरी सील असलेली. जुन्यावरचा नंबर वाचून घ्या. ६२०३ म्हणजे आतलं भोक १७ मिमी, ६२०४ चं २०. कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतात, मूळ कंपनीच्या डबीची वाट बघू नका.

आरपिन
@चिरेबंदी, बेल्ट कुठला लावलाय? त्यावर काय छापलंय?

चिरेबंदी
सर्वांचे आभार, उद्या सकाळी क्रमाने तपासतो. बेल्ट चिपळूणहून आणला. जुन्यावर पाठीची लांबी ९५ इंच होती, रुंदी अर्धा इंच. दुकानात ९५ सांगितलं. आत्ता बघितलं, त्यावर ए ९५ छापलंय.

आरपिन
सापडलं, निदान अर्धं तरी.

ए प्रकारच्या बेल्टवरचा आकडा आतल्या लांबीचा असतो. बाहेरची लांबी त्यापेक्षा साधारण २ इंच जास्त. तुमचा जुना बेल्ट बाहेरून ९५, म्हणजे तुम्हाला ए ९३ हवा होता. ए ९५ बाहेरून ९७ भरतो. दोन इंच सैल. आयडलरची स्प्रिंग तेवढी ढील खाऊ शकत नाही, विशेषतः बेल्ट तापून थोडा लांबल्यावर. म्हणून पहिली पाच मिनिटं चालतं आणि मग उतरतो.

दुसरं, पिठाच्या गिरणीचा साधा ए बेल्ट इथे फार टिकत नाही, मापाचा असला तरी. गिरणीत बेल्ट सरळ रेषेत, दोन पुल्यांवर, सतत एकाच भारावर फिरतो. इथे तो पाठीवरून आयडलरवर उलटा वाकतो आणि क्लच लागला की एकदम झटका खातो. मशीनचे मूळ बेल्ट अ‍ॅरामिड नावाच्या चिवट कृत्रिम दोऱ्याचे असतात ते त्यासाठीच. महाग असतात, पण गिरणीचे तीन घेण्यात तेवढेच पैसे जातात.

खाजणवाट
@आरपिन, मान्य, पण मी कीपर सोडत नाही. सैल बेल्टसुद्धा कीपरच्या आत असेल तर सहसा घसरतो, धूर करतो, उतरत नाही. उतरतोय म्हणजे दोन्ही असणार.

पुण्याहून_सप्रेम
पैज लागली का? माझ्याकडून एक बाकरवडीचं पाकीट, चाकातल्या हवेवर.

चिरेबंदी
सकाळी कोब्यावर घेऊन सगळं पाहिलं. क्रमाने लिहितो.

चाकं: मागचं उजवं ६ पीएसआय, मागचं डावं १०. (बाकरवडी पुण्यातच राहू द्या.) सारखी केल्यावर डावं-उजवं फरक ११ मिमीवरून ४ वर आला. लिंकेचा नट अर्धा फेरा फिरवून २ मिमी. पातं उलटून मोजलं, सरळ आहे.

पुढचं-मागचं: पुढचं टोक ९ मिमी वर होतं. पुढच्या लिंकेचा एक नट गंजाने मागे सरकला नव्हता आणि दुसरा सैल होता. दोन्ही साफ करून पुढचं टोक ६ मिमी खाली आणलं.

कीपर: क्लचच्या डाव्या बाजूला बेल्ट सळईच्या बाहेरून होता. सळई एका बाजूने चकचकीत घासली आहे.

बेल्ट: ए ९३ तात्पुरता आणला, अ‍ॅरामिडचा मागवलाय. पाऊण तास चालवलं, उतरला नाही. पट्टे गेले.

स्पिंडलभोवती काथ्या होता. दोर म्हणण्याइतका.

एक राहिलं. नॉब ओढल्यावर डाव्या बाजूने बारीक कुई असा आवाज येतो, दाबला की जातो. डाव्या स्पिंडलचं बेअरिंग हाताला गुळगुळीत लागतं.

खाजणवाट
स्पिंडल गुळगुळीत असेल तर सपाट आयडलर. त्याचं बेअरिंग लहान असतं आणि सर्वात जोरात फिरतं. बेल्ट उतरवून आयडलर एकटा बोटाने फिरवा. तिथेच कुई आली तर आयडलर पूर्ण बदला. बहुतेकांचं बेअरिंग दाबून बसवलेलं असतं, वेगळं काढायला गेलात तर पत्र्याची पुली वाकते.

तिथेही शांत असेल तर क्लच. त्याच्या कडेला तीन खिडक्या असतात, त्यांतून फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) घालून फट मोजा. पुस्तिकेत आकडा असेल, साधारण ०.३ ते ०.४ मिमी, आणि तिन्ही खिडक्यांत सारखी हवी.

चिरेबंदी
आयडलरच. बोटाने फिरवल्यावर तीच कुई. मागवतो.

मांगरकर
मगे खंडेनवमीक त्या ट्रॅक्टराक फूल घातलात काय नाय? हंयच चुकला तुमचा.

चिरेबंदी
घातलं होतं. डेक बाहेर होता, फूल नुसत्या चासीला मिळालं.